तो समुपदेशकांशी बोलतो, मग आमच्याशी का नाही?

सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका आईचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून ते थोडक्यात देते.

"नमस्कार ताई. माझा मुलगा 16 वर्षांचा आहे. दहावीला 93 टक्के पडले म्हणून लातूरला अकरावीला आणि नीटच्या क्लासला घातला, होस्टेलवर ठेवला. दिवाळीला आला तेव्हाच गप्प गप्प होता. पुढे क्लासच्या परीक्षेत मार्क कमी पडले म्हणून त्याला खालच्या बॅचमध्ये टाकलं. संक्रांतीला घरी आला तो परत गेलाच नाही. रात्री तीन-तीन वाजेपर्यंत जागा असतो, दुपारी बाराला उठतो, जेवायला हाक मारली की खेकसतो. क्रिकेटचं एवढं वेड होतं, आता बॅटला हात लावत नाही. त्याच्या शाळेतल्या जुन्या बाईंनी सांगितलं म्हणून दर शनिवारी सोलापूरला समुपदेशक मॅडमकडे नेते. चार वेळा झालं. त्या त्याला आत घेतात, मला बाहेर बसवतात. काय बोलला विचारलं तर म्हणतात, त्याने विश्वासाने सांगितलंय, त्याला विचारल्याशिवाय मी सांगणार नाही. येताना एसटीत मी विचारते तर खिडकीबाहेर बघत बसतो. त्याचे पप्पा आडत दुकानात दिवाणजी आहेत. ते म्हणतात, पोरगं आपलं, पैसे आपले, आणि आपल्यालाच सांगत नाहीत. नुसत्या गप्पांचे 800 रुपये कशाला? बंद करा. सासूबाई म्हणतात दृष्ट लागली. जाऊबाई म्हणतात असल्या ठिकाणी नाव लागलं की पुढे नोकरीला, लग्नाला अडचण येते. त्याच्या गादीखाली एक वही आहे. मी अजून उघडली नाही. वाचू का? आणि ताई, खरं सांगा, नुसतं बोलून काही होतं का?"

ताई,

दोन उत्तरं आधी देते, कारणं मागून सांगते. वही वाचू नका. आणि शनिवार बंद करू नका, निदान अजून दीड-दोन महिने तरी नाही.

पण या दोन्हींच्या आधी एक काम आजच करायचं आहे. तुमच्या पत्रात ते कुठेच नाही, आणि मला सगळ्यांत जास्त काळजी त्याचीच वाटते. मुलाला सरळ विचारा, "तुला कधी जगणं नकोसं वाटतं का? मरून जावं असा विचार येतो का?" शब्द जड आहेत, तोंडातून निघणार नाहीत, हे मला कळतं. बहुतेक आईवडिलांना वाटतं की विचारलं तर नसलेला विचार डोक्यात भरेल. तसं होत नाही. मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात हे पुन्हा पुन्हा तपासलं गेलं आहे. विचारल्याने विचार येत नाही, आधीच आलेला असेल तर तो बोलून दाखवायला वाट मिळते. फक्त "असलं काही डोक्यात नाही ना रे तुझ्या?" असं विचारू नका. त्या प्रश्नात उत्तर आधीच भरलेलं आहे, आणि तुमचा घाबरलेला चेहरा बघून तो "नाही" म्हणून मोकळा होईल. घरात कुणी नसताना, शेजारी बसून, शांतपणे विचारा आणि नंतर गप्प राहा. उत्तराला वेळ लागू द्या.

"हो" म्हणाला तर रडून त्याला शपथा घालू नका. "सांगितलंस ते फार बरं केलंस" एवढं म्हणा. त्या दिवशी त्याला एकटं ठेवू नका. शेतातली फवारणीची औषधं, घरातल्या सगळ्या गोळ्या, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्यासुद्धा, कुलपात जाऊ द्या. मॅडमना त्याच दिवशी फोन करा, शनिवारची वाट बघू नका. त्या भेटल्या नाहीत तर 14416 हा केंद्र सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा क्रमांक आहे. 10 ऑक्टोबर 2022 पासून तो सुरू आहे, दिवसरात्र लागतो, मराठीत बोलता येतं आणि एक रुपयाही लागत नाही. आणि त्याने स्वतःला काही केलं असेल किंवा करेल असं तुम्हाला त्या क्षणी वाटत असेल, तर फोनवर वेळ न घालवता सरळ रुग्णालयात न्या. "नाही" म्हणाला, तरी आठवड्याभराने पुन्हा एकदा विचारा. घरात हे विचारता येतं, एवढं त्याला कळणंसुद्धा मोठं आहे.

आता मुलाला काय होतंय त्याबद्दल. मी त्याला पाहिलेलं नाही, त्यामुळे निदान करणार नाही. पण तुम्ही जे लिहिलंय, म्हणजे झोप उलटीपालटी, खेळ सुटला, माणसं नकोशी झाली, हाक मारली की खेकसणं, आणि हे सगळं महिन्याच्या वर, ते कुठल्याही जाणत्या माणसाने गंभीरपणे घ्यावं असंच आहे. मोठ्या माणसाला नैराश्य आलं की तो उदास दिसतो, रडतो, आणि घरच्यांना दया येते. या वयातली मुलं पुष्कळदा उदास दिसतच नाहीत. ती चिडकी, तुसडी, उद्धट दिसतात. डॉक्टर जे निकष वापरतात त्यांतही लहान आणि किशोरवयीन मुलांसाठी उदासीच्या जागी चिडचिड मोजायची मुभा ठेवलेली आहे. म्हणून या मुलांना मदतीच्या आधी बोलणी मिळतात. तुमच्या घरात मुलाला "माज आलाय" असं कुणी म्हटलं असेल, तर त्यांचा राग समजू शकते, पण त्या चिडण्याकडे दुखण्याची खूण म्हणून बघा. हे फार थोड्या मुलांना होतं असंही नाही. बेंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेने 2015-16 मध्ये 12 राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं, त्यात 13 ते 17 वयाच्या मुलांत सगळ्या मानसिक आजारांचं मिळून प्रमाण 7 टक्क्यांच्या आसपास निघालं. म्हणजे 60 मुलांच्या वर्गात चार. लातूरच्या त्याच्या बॅचमध्येही असतील. कुणाला ठाऊक नसेल इतकंच.

खालच्या बॅचचं तुम्ही एका वाक्यात लिहून टाकलंत. मला ते वाक्य फार मोठं वाटलं. गावात पहिला येणारा, दहावीला पेढे वाटलेला मुलगा. त्याची अख्खी ओळख मार्कांवर उभी होती. एका दुपारी भिंतीवर यादी लागली आणि ती ओळख गेली. कुणाला सांगणार? 2025 साली नीटला 22 लाखांहून जास्त मुलं बसली, आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. हा हिशोब मोठ्यांना समोर दिसतो, तरी प्रत्येक घरात असंच बोललं जातं की आपला लागणारच. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. मार्कांवरून बॅचेस वेगळ्या पाडणं, मुलांना चारचौघांत कमीपणा आणणं, झेपणार नाहीत अशी उद्दिष्टं लादणं हे शिक्षणसंस्थांनी, विशेषतः कोचिंग क्लासेसनी, शक्यतो करू नये असं त्यांत म्हटलं आहे. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, असंही त्यात आहे. तुमच्या मुलाच्या क्लासमध्ये असा कुणी होता का, हे उद्या पुढचा निर्णय घ्यायची वेळ आली की नक्की विचारा. आता मात्र त्या भांडणात ताकद घालवू नका.

तुमचा खरा प्रश्न वेगळाच आहे, ताई. तो तुम्ही शब्दांत लिहिला नाहीत, पण पत्रभर तोच आहे. मी याला नऊ महिने पोटात वाढवला, माझ्याशी तो बोलत नाही, आणि परक्या बाईशी पाऊण तास बोलतो. हे लागतं. लागणारच.

त्याच्या जागी बसून बघा. होस्टेलची आणि क्लासची फी कुठून आली हे त्याला ठाऊक आहे. या वयाच्या मुलांना घरातला प्रत्येक हिशोब माहीत असतो, आपण समजतो त्यापेक्षा कितीतरी जास्त. तुमच्यासमोर तो "मला हे जमत नाहीये" असं म्हणाला, तर तुमचे डोळे भरतील. पप्पांसमोर म्हणाला, तर त्यांचा चेहरा पडेल आणि ते रात्री जेवणार नाहीत. आजीला सांगितलं तर देव पाण्यात बसतील. घरात त्याने उच्चारलेल्या प्रत्येक वाक्याचं ओझं कुणाच्या तरी अंगावर पडतं, आणि ते पडताना त्याला दिसतं. म्हणून तो गप्प आहे. तुमच्यावर विश्वास नाही म्हणून गप्प असता तर त्याने तुमच्याशी भांडण काढलं असतं, खोटं सांगितलं असतं. त्याने फक्त तोंड मिटलं. तो तुम्हाला जपतोय, त्याच्या परीने.

मॅडमच्या खोलीत तसं नाही. तिथे तो म्हणाला, "मला डॉक्टर व्हायचंच नाही," तर समोरच्या माणसाचं काही मोडत नाही. तिथे तो तुमच्याबद्दल वाईट बोलू शकतो. हो, बोलतही असेल. पप्पांबद्दलही बोलत असेल. बोलून झाल्यावर स्वतःलाच ऐकू येतं की आपण किती चिडलोय आणि कशाला चिडलोय. हे त्याला करता यावं म्हणूनच तो दरवाजा बंद असतो. तिथलं बोलणं बाहेर जातं अशी शंका जरी त्याला आली, तरी तो पुढच्या शनिवारी येईल, खुर्चीत बसेल आणि "सगळं ठीक आहे" म्हणून पाऊण तास काढेल. मग मात्र तुमचे 800 रुपये खरंच वाया जातील. मॅडमनी तुम्हाला सांगायचं नाकारलं, यावरून मला त्या त्यांचं काम जाणतात असं वाटतं. "तुमचा मुलगा असं असं म्हणाला हो" असं दाराबाहेर येऊन कुजबुजणारी समुपदेशक असती, तर मीच म्हटलं असतं, दुसरीकडे जा.

वहीचंही तेच. तुम्ही ती वाचाल आणि तुमच्या चेहऱ्यावरून त्याला एका दिवसात कळेल. मग वही जाईल आणि तिच्यासोबत त्याचं लिहिणंही जाईल, जे आत्ता त्याला धरून ठेवत असेल. एकच अपवाद आहे. तो घरातून निघून गेला, किंवा त्याच्या जिवाला आत्ता धोका आहे असं स्पष्ट दिसलं, तर जीव आधी, वही उघडा, आणि नंतर त्याला स्वतःहून सांगा की मी वाचली आणि का वाचली. नुसती काळजी वाटते म्हणून मात्र नाही. गादीखाली वही आहे हे मॅडमना सांगू शकता. त्यांना काय करायचं ते कळेल.

आता, ही गुप्तता सरसकट आणि अखंड नसते. समुपदेशक पहिल्याच भेटीत मुलाला तिच्या मर्यादा सांगतात, सांगायला हव्यात. मुलाच्या जिवाला धोका असेल, तो दुसऱ्या कुणाला इजा करेल असं वाटलं, तर पालकांना कळवलं जातं. आणि 18 वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर 2012 च्या पॉक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, समुपदेशकालाही आणि तुम्हालाही. म्हणून "आमच्यापासून सगळंच लपवतात" हा पप्पांचा समज बरोबर नाही. मुलगा अजून सज्ञान नाही, त्यामुळे उपचारांच्या निर्णयात 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही पालकांना जागा दिली आहे. तुमचा हक्क आहेच, फक्त तो वाक्या-वाक्याचा हिशोब मागण्याचा नाही. तुम्ही मॅडमना हे जरूर विचारा: त्याच्या जिवाला धोका वाटतो का? साधारण कुठल्या गोष्टींवर काम चाललंय? मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांना दाखवायची गरज आहे का? घरी आम्ही काय करावं, काय थांबवावं? आणि एकत्र बसून आढावा कधी घ्यायचा? या पाच प्रश्नांची उत्तरं त्यांनी द्यायला हवीत. देत नसतील, तर ती खरी तक्रार आहे.

त्यांचं शिक्षणही विचारा, त्यात अपमान नाही. आपल्याकडे "समुपदेशक" ही पाटी कुणीही लावू शकतं, हे दुर्दैवाने खरं आहे. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. समुपदेशकांचं मानसशास्त्रात किंवा समाजकार्यात पदव्युत्तर शिक्षण आणि वर समुपदेशनाचं प्रशिक्षण झालेलं असावं. चांगली माणसं हा प्रश्न ऐकून रागावत नाहीत. औषध द्यायचा अधिकार मात्र यांपैकी कुणालाच नाही, तो डॉक्टरांचा. झोप आणि भूक आणखी ढासळली, वजन उतरलं, कुणी आपल्याविरुद्ध कट करतंय किंवा कानात आवाज येतात असं तो म्हणू लागला, हातावर जखमा दिसल्या, तर मॅडम स्वतःच मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतील. तेव्हा आढेवेढे घेऊ नका. काही मुलांना काही महिने गोळ्या लागतात आणि त्यासोबत बोलणंही चालू राहतं.

नुसतं बोलून काय होतं, हे विचारलंत. पहिल्या तीन-चार भेटींत बाहेरून बघणाऱ्याला खरंच काही होत नाही. क्रिकेटच्या गप्पा होतात, मोबाइलमधला गेम तो मॅडमना समजावून सांगतो, कधी पाऊण तासात दहाच वाक्यं बोलतो. ही बाई माझ्यावर ओरडणार नाही, उपदेश करणार नाही, घरी चुगली करणार नाही, याची तो खात्री करून घेत असतो. हा वेळ वाया गेलेला नसतो.

मग खरं काम सुरू होतं. समजा, त्याच्या मनात पक्कं बसलंय की "मी टॉपर राहिलोच पाहिजे, नाहीतर मी कुणीच नाही." हे वाक्य त्याने कधी मोठ्याने म्हटलेलंही नसतं, पण दिवसभर त्याच्या आत ते चालू असतं, आणि पुस्तक उघडलं की छाती धडधडते ती त्या वाक्याने. समुपदेशक त्याला ते वाक्य आधी पकडायला शिकवतात, मग तपासायला. कुणी सांगितलं की कुणीच नाही? ज्या मित्राला मार्क कमी पडले त्याला तू असं म्हणतोस का? अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1955 च्या सुमारास ही विवेकनिष्ठ पद्धत मांडली. आपल्याकडे कि. मो. फडके यांनी ती आयुष्यभर मराठी माणसांपर्यंत पोहोचवली, त्यामुळे महाराष्ट्रातले पुष्कळ समुपदेशक तिच्यातच घडले आहेत. "मला चांगले मार्क हवेत" ही इच्छा झाली, ती निरोगी आहे. "मिळालेच पाहिजेत" ही स्वतःवर लादलेली सक्ती झाली, आणि माणूस त्या सक्तीखाली मोडतो. सोळाव्या वर्षी हा फरक हाताला लागला तर तो जन्मभर पुरतो.

त्यासोबत अगदी साधी कामंही देतात. संध्याकाळी वीस मिनिटं मैदानावर जायचं, खेळायचं नाही वाटलं तर नुसतं उभं राहायचं. मन लागेल तेव्हा जाऊ, असं म्हणून चालत नाही. या दुखण्यात आधी पाय हलवावे लागतात, मन मागून येतं. एखादा जुना मित्र, त्याला एकच मेसेज. छाती धडधडायला लागली की श्वास कसा लांबवायचा. सुरुवातीला काही मुलं घरी जास्तच चिडतात किंवा रडतात, कारण दाबलेलं वर येतं. घाबरू नका, पण मॅडमना कळवा.

साधारण आठ ते बारा भेटींनंतर नीट आढावा घेता येतो. तोवर मार्कांत, अभ्यासात फरक शोधू नका. आधी फरक दिसतो तो छोट्या गोष्टींत. स्वतःहून आंघोळ केली, बहिणीशी किंवा आजीशी एखादं वाक्य बोलला, भाजीला नाव ठेवलं. भाजीला नाव ठेवणंसुद्धा चांगलं लक्षण आहे, भूक परत येत असल्याचं. आणि बारा भेटींनंतरही काहीच हलत नसेल, तर त्याला विचारा, "मॅडमशी तुझं जमतंय का?" नसेल जमत तर समुपदेशक बदलता येतात. सगळ्यांचं सगळ्यांशी जुळत नाही, त्यात कुणाचा दोष नाही.

जाऊबाईंना सांगा, समुपदेशनाची नोंद कॉलेजला, नोकरीला किंवा सोयरिकीला कुणी पाठवत नाही. 2017 च्या कायद्याने ही माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे. सासूबाईंशी वाद घालू नका. त्या मीठ-मोहरी ओवाळत असतील तर ओवाळू द्या, ते त्यांचं प्रेम आहे. फक्त दृष्ट काढली म्हणून शनिवार चुकता कामा नये.

घरात मात्र थोडं बदलावं लागेल. "परत कधी जाणार?" हा प्रश्न काही दिवस पूर्ण बंद, सगळ्यांनी. पाहुण्यांना "सध्या घरी आहे" एवढंच सांगायचं, बाकी खुलासा कुणाला देणं लागत नाही. वर्षाचं काय करायचं, लातूर की गावातलं कॉलेज, नीट की आणखी काही, हा निर्णय तो जरा सावरल्यावर, त्याला घेऊन, मॅडमसमोर बसून करा. आजारी मनाने घेतलेला निर्णय टिकत नाही, आणि रागावलेल्या बापाने घेतलेलाही.

झोपेबद्दल: या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, रात्री झोप उशिरा येते. त्यात आळस नसतो. पण तीन वाजेपर्यंत जागणं त्या घड्याळापेक्षा खूप पुढे गेलं आहे. या वयाला 8 ते 10 तास झोप लागते. एकदम पहाटे पाचला उठवायला जाऊ नका. दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं आधी उठवा, उठल्यावर उन्हात दोन मिनिटं उभं करा, आणि रात्री सगळ्यांचेच मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा. एकट्या त्याचाच काढून घेतला तर ती शिक्षा होईल.

आणि एसटीत विचारू नका. स्टँडवर त्याला आवडतं ते खायला घ्या आणि शेजारी बसा. तो बोलला तर ऐका, उत्तर देऊ नका, "अरे पण" म्हणू नका. नाही बोलला तरी चालेल.

पैशांचं ओझं मी हलक्यात घेत नाही. दिवाणजींच्या पगारातून महिन्याला 3,200 रुपये आणि वर एसटीचं भाडं ही मोठी गोष्ट आहे. मॅडमना मोकळेपणी सांगा, अनेक समुपदेशक फी कमी करतात किंवा पंधरा दिवसांनी बोलावून मधल्या आठवड्यात फोनवर बोलतात. 2014 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमातून 10 ते 19 वयाच्या मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयांत मोफत समुपदेशनाची सोय केलेली आहे. आपल्या राज्यात त्याला मैत्री क्लिनिक म्हणतात. तुमच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात चौकशी करा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातले मानसोपचारतज्ज्ञही मोफत बघतात. पण आत्ता त्याचा एका माणसावर विश्वास बसतोय. नुसते पैसे वाचावेत म्हणून तो मध्येच तोडू नका. आधी फीबद्दल बोलून बघा.

राहिले पप्पा. त्यांच्यावर मी रागावलेली नाही. दिवसभर दुसऱ्याच्या हिशोबाच्या पट्ट्या लिहिणाऱ्या माणसाने मुलासाठी डॉक्टरकीचं स्वप्न बघितलं, फी भरली, आणि आता त्याला कुणी काही सांगतही नाही. त्यांनाही कुठेतरी बोलावं लागेल. मॅडमना फोन करून विचारा, "त्याच्या वडिलांना एकटं भेटाल का?" मुलाला आधी सांगून ठेवा की पप्पा जाणार आहेत आणि तू तिथे काय बोललास ते विचारणार नाहीत, त्यांचं स्वतःचं बोलणार आहेत. बहुतेक वडील अशा भेटीला नाखुशीने जातात. ही भेट मुलाच्याच शनिवारी ठेवा, त्या दिवशी आडतीला सुट्टी टाकावी लागली तरी टाकायला सांगा, आणि तुम्ही या वेळी घरी थांबा. वाटेत बापलेक दोघंच असू देत. वर लिहिलेले पाच प्रश्न कागदावर लिहून त्यांच्या खिशात ठेवा, आणि ते त्यांनीच विचारू देत.